थर, झडप आणि पडदा

"अगं बाई! थर तरी किती?" तपासणीच्या टेबलावरच्या बाळाकडे बघून डॉक्टरबाई म्हणाल्या.

"तीन," बाळाची आई ताडकन म्हणाली. "बाहेरचं आवरण, मधला स्नायूचा थर आणि आतलं पातळ अस्तर. मधला सगळ्यात जाड. त्यातून डावीकडे जास्तच, कारण अख्ख्या अंगाला रक्त पोचवायचं काम त्याच्याकडे."

डॉक्टरबाईंचा हात स्वेटरच्या बटणावर तसाच राहिला.

"मी कपड्यांचं विचारत होते."

"चार आहेत," मागून सासूबाई म्हणाल्या. "आत बनियन आहे. बाहेर गार वारा सुटलाय."

आईचे कान तापले. दहा महिन्यांची ढब्बू लस टोचून घ्यायला गेली, तेव्हा नेहमीच्या डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली आणि भुवया वर केल्या. जास्तीचा आवाज येतोय थोडा, एकदा हृदयाची सोनोग्राफी करून घ्या, म्हणजे शंका नको. बस, तिथून आईच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. कॉलेजात तिचा विषय अर्थशास्त्र. पण आता ती हृदय कोळून प्यायली होती. कुकर लावताना झडपा, कपडे वाळत घालताना कप्पे. नवरा झोपेत कुशीवर वळला, तर ही त्याच्या छातीवर बोटाने रक्ताचा रस्ता आखत बसलेली. सासूबाईंचं मत मात्र पहिल्यापासून एकच होतं. "छातीत आवाज येतोय ना? मग झालं तर. येत नसता म्हणजे काळजी."

चारही थर उतरले. छातीवर गार जेल पडल्याबरोबर ढब्बूने भोकाड पसरलं, मग आजीच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा दिसला तशी गप्प झाली. डॉक्टरबाईंनी यंत्राचा ठोकळा तिच्या बरगड्यांवर टेकवला. पडद्यावर काळ्या-करड्या धुक्यात काहीतरी माशाच्या तोंडासारखं उघडमीट करू लागलं. त्यांनी एक बटण दाबलं आणि खोलीभर आवाज घुमला. धप्-फुस्स, धप्-फुस्स. चित्रात लाल-निळे फटकारे उमटले. लाल म्हणजे चांगलं आणि निळं म्हणजे वाईट असं काही नसतं, रक्त कुठल्या दिशेला चाललंय एवढंच त्यातून कळतं, हे आईला पाठ होतं. तरी निळं दिसलं की ती लाल कधी येतंय ते बघत होती. शेवटी तिने यंत्राचा नाद सोडला आणि डॉक्टरबाईंचा चेहरा वाचायला घेतला. त्याचा अभ्यास मात्र झालेला नव्हता.

डॉक्टरबाईंच्या कपाळावर आठी पडली. त्या किंचित खाली वाकल्या.

"अहो, गळतंय."

आईने टेबलाची कड धरून विचारलं, "कुठून? डावीकडून की उजवीकडून?"

"दोन्हीकडून."

"दोन्ही?" म्हणजे तीन पाकळ्यांची झडपही आणि दोन पाकळ्यांचीही. पुस्तकात दोन्हींची चित्रं वेगवेगळ्या पानांवर होती. "फार आहे का?"

"फार म्हणजे काय, माझं कोपर भिजलं. दुसरं आणलंय ना तुम्ही?"

"दुसरं?" आई म्हणाली. "दुसरं कुठून आणू हो?"

"कडेच्या कप्प्यात बघ," सासूबाई म्हणाल्या. "मी सकाळीच दोन डायपर टाकलेत पिशवीत."

पुढची दोन मिनिटं कुणीच कुणाकडे बघितलं नाही. जुनं डायपर गेलं, नवं आलं, टेबल पुसलं गेलं. ठोकळा पुन्हा छातीवर फिरला. आता काहीही ऐकलं तरी आधी त्याचा साधा, घरातला अर्थ बघायचा, असं आईने मनाशी पक्कं केलं.

"पडदा मस्त आहे हो," डॉक्टरबाई म्हणाल्या.

आईने खिडकीकडे बघितलं. हिरवा, जाडसर, खालून थोडा उसवलेला. "हो ना," ती सावधपणे म्हणाली, "रंग पण शांत आहे. मुलं रडत नसतील फारशी."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. हसू आवरायला त्यांना तेवढा वेळ लागला.

"हृदयातला पडदा म्हणतेय मी. कप्प्यांच्या मधला. कुठे भोक नाही, काही नाही. भिंती हव्या तेवढ्याच जाड. चारही झडपा वेळेवर उघडतायत, घट्ट मिटतायत."

"पण मग तो जास्तीचा आवाज?"

"पुष्कळ मुलांना असतो. रक्त जोरात वाहतं ना, त्याची आपली कुरकुर. त्रास काही नाही. वय वाढलं की जाते."

"कुठली जातेय," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांची सत्तरी उलटली, कुरकुर अजून तेवढीच आहे."

डॉक्टरबाई आता मोकळेपणी हसल्या. आजी हसली म्हणून ढब्बूही हसली. आईने बाळाच्या छातीवरचं जेल पुसलं आणि बनियन हातात घेतलं. पण ढब्बूचा हात काही केल्या बाहीत जाईना. आणि तो आवाज. धप्-धप्, धप्-धप्. कानांत, घशात, बोटांच्या टोकांपर्यंत.

"डॉक्टर, तेवढं मशीन बंद करता का?" ती म्हणाली. "आता ऐकवत नाही मला."

डॉक्टरबाई बेसिनपाशी हात धूत होत्या. त्यांनी मागे वळून बघितलं.

"मशीन मी मघाशीच बंद केलंय."

सासूबाईंनी सुनेच्या हातातून बनियन काढून घेतलं, ढब्बूचा हात अलगद बाहीतून बाहेर ओढला आणि मान वर न करता म्हणाल्या,

"तुझं राहू दे गं चालू."