काटेरी पाम आणि बोका

सोराइदाबाई आमच्या रोपवाटिकेत शिरल्या आणि थेट काटेरी पामच्या कुंडीपाशी थांबल्या. खोडभर बोटाएवढे काळे काटे बघून खूशही झाल्या.

"काय रे, हे झाड बोक्याला बाधतं का?"

"छे हो बाई, विषारी नाही ते. पान चघळलं तरी काही होत नाही. काटे आहेत, पण बोका शहाणा असतो, वळसा घालून जातो."

"आणि वरून उडी मारली तर?"

"वरून म्हणजे?"

"खिडकीतून. दुपारी माझा डोळा लागला की माझ्या लेकीच्या, आउरिस्तेलाच्या खोलीत शिरतो आणि मी उठायच्या आत खिडकीतून पसार होतो. काल तर तिच्यासाठी झाकून ठेवलेली भाजकी केळी शेंगदाण्याच्या कुटासकट चाटूनपुसून गेला."

माझ्या हातातली झारी माझ्याच पायावर सांडली. "मग नको, मावशी. रक्तबंबाळ होईल बिचारा. फर्न न्या की, छान मऊ असतं."

"मघाशी तर शहाणा होता तो!"

आमच्या चोने गावात घाऱ्या डोळ्यांच्या पुरुषाला सगळे बोकाच म्हणतात. माझं खरं नाव तर मला बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीबाबांनाही आठवत नाही.

बाईंनी कुंडी उचलून माझ्याच हातात दिली. "चल, खिडकीखाली तूच ठेवून दे. आणि रविवारी जेवायला ये, बोक्या. दारातून."