एक वॉशर जास्त

माणिक उसाच्या रसाच्या गाडीआड हेल्मेट घालून उभा होता. रस पिता यावा म्हणून काच तेवढी वर केली होती. रस्त्यापलीकडे, मरोळच्या डेल्रॉयच्या गॅरेजात, माणिकच्या मेहुणीची लाल गाडी बॉनेट उघडून उभी होती आणि डेल्रॉय तिच्यासमोर डोकं खाजवत होता. माणिकने आणखी एक ग्लास मागवला.

मे महिन्याची दुपार. डेल्रॉयच्या दारात सात गाड्या, सगळ्या एसीच्या तक्रारीच्या. माणिकने त्या दोनदा मोजल्या. महाकाली रोडवरच्या त्याच्या स्वतःच्या गॅरेजात दिवसाला दोन आल्या तर खूप. दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले, एका डब्यात जेवलेले. कान मात्र माणिकचा, असं उस्ताद सगळ्यांसमोर सांगायचा. मग रांग डेल्रॉयच्या दारात का? तो गोड बोलतो म्हणून! गिऱ्हाइकाला खुर्ची देतो, वर ताक पाजतो म्हणून! विचार करकरून माणिकचं पोट जळायचं. जेवताना डेल्रॉयचं नाव निघालं तर तो ताटावरून उठायचा. बायकोने ते नाव घरात घेणंच सोडलं होतं.

एका गोष्टीवर त्याने आजवर तग धरला होता. जी गाडी कुणालाच कळत नाही, ती शेवटी माणिककडे येते. बोरिवलीहून, सांताक्रूझहून, आठवड्याला एखादी तरी. गॅस भरून झालेला, पार्ट बदलून झालेले, तरी आत भट्टीच. माणिक पाइपवर हात ठेवायचा, डोळे मिटून ऐकायचा आणि नेमक्या जागी बोट ठेवायचा. रांग त्याची असू दे, नाव माझं आहे, असं तो मनाशी घोकायचा. पण घोकून जळणं थांबत नव्हतं. एकदा डेल्रॉयला सगळ्यांसमोर तोंडावर पाडायचं होतं.

त्यासाठीच ही लाल गाडी. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी एक लोखंडी चकती असते. एसी लावला की ती ‘टक’ करून चिकटते, मगच गाडी गार होते. रविवारी माणिकने मेहुणीच्या, म्हणजे नलिनीच्या, गाडीची चकती खोलली आणि तिच्यामागे कागदाएवढा पातळ वॉशर जास्तीचा घातला. आता चकती थंड असताना चिकटायची आणि अर्ध्या तासाने तापली की सोडून द्यायची. बॉनेट उघडून जरा उभी ठेवली की गाडी पुन्हा झकास. अशा गाडीला बहुतेक मेकॅनिक आधी गॅस भरतात आणि मग कॉम्प्रेसर गेला म्हणून सांगतात. डेल्रॉयने तेवढं म्हटलं की माणिक वॉशरचा फोटो मेकॅनिक लोकांच्या ग्रुपवर टाकणार होता.

“आणि माझ्या गाडीचं काय, भावोजी?” मुलुंडहून आलेल्या नलिनीने सकाळी विचारलं होतं.

“तुझी मी लगेच नीट करून देतो गं. तू फक्त तो काय म्हणतो ते ऐकून ये.”

डेल्रॉयने गॅसचं प्रेशर पाहिलं. गाडी दोनदा फिरवून आणली. पाऊण तास गेला. रांगेतला एकजण वैतागून हॉर्न वाजवायला लागला. डेल्रॉयने कोपऱ्यातल्या गॅसच्या सिलिंडरकडे पाहिलं.

“घे, घे ना,” माणिक हेल्मेटच्या आत पुटपुटला.

डेल्रॉयने सिलिंडर घेतला नाही. बॉनेट बंद केलं, हात पुसले आणि नलिनीशी काहीतरी बोलून तिला एक कागद दिला. कॉम्प्रेसरचं एस्टिमेट! दुसरं काय असणार? माणिक अर्धा ग्लास तसाच टाकून कोपऱ्याकडे धावला. नलिनीने तिथे गाडी थांबवली, तसा तो हेल्मेटसकट आत बसला. बॉनेट उघडं राहिल्याने एसी पुन्हा गार हवा देत होता.

“कॉम्प्रेसर सांगितला ना?”

“नाही हो. म्हणाला, ताई, मला सापडत नाही. उगाच गॅस भरून तुम्हाला फसवणार नाही.”

“लोकांसमोर बोलला?”

“सगळ्यांसमोर.”

माणिकने मांडीवर थाप मारली. “हरला! बघितलंस? हरला तो!”

नलिनी हसली नाही. तिने तो कागद त्याच्या हातात दिला. झेरॉक्स काढलेली चिठ्ठी होती. वर मोठ्या अक्षरात माणिकचं नाव, खाली महाकाली रोडच्या गॅरेजचा पत्ता आणि तिथपर्यंत पोचायचा साधा नकाशा. अक्षर डेल्रॉयचं होतं.

“असा गठ्ठाच आहे त्याच्या टेबलावर,” नलिनी म्हणाली. “अर्धाअधिक संपलाय.”

माणिकने हेल्मेट काढलं. बोरिवलीची ती पांढरी गाडी त्याला आठवली. सांताक्रूझचे वकील आठवले. कोणी पाठवलं विचारलं की सगळे एकच सांगायचे, तुमचं नाव ऐकून आलो. त्याला इतकी लाज वाटली की मेहुणीकडे बघवेना. तरीही आतून काहीतरी सुटका शोधत होतं.

“मग आजवर एकानेही मला का नाही सांगितलं?” तो ओरडला. “इतकी वर्षं? एकानेही?”

“मलाही त्याने बजावलं होतं,” नलिनी म्हणाली. “मी पाठवलं म्हणून सांगू नका हां, ताई. माझं नाव ऐकलं तर तो तुमच्या गाडीला हात लावायचा नाही.”