टायरमध्ये काय काय असतं

"झोपायचं नाही हं, चिमणे. सांग बघू, टायर कशाचा करतात?"

"रबराचा," मागच्या सीटवरून ती पुटपुटली.

गाडी रस्त्याच्या कडेला फुटक्या टायरवर बसली होती. बाप पान्यावर उभा राहून नट सैल करत होता आणि उघड्या दारातून लेकीकडे बघत होता. सकाळी ती जिन्यावरून डोक्यावर पडली, दोनदा ओकली. ताबडतोब घेऊन या आणि वाटेत झोपू देऊ नका, असं डॉक्टर फोनवर म्हणाले होते. दवाखाना अजून वीस मिनिटं लांब. हात दाखवला तरी दोन गाड्या भुर्रकन निघून गेल्या, मेल्या.

"रबर कुठून येतं?"

"झाडातून."

"शाबास. झाडाचा चीक. पण नुसता चीक उन्हात लिबलिबीत होतो, म्हणून त्यात गंधक. मग काजळी, म्हणून तर टायर काळा. डोळे उघड, बाळा. आणि पोटात काय असतं त्याच्या?"

"तारा."

"पोलादी तारा. आणि कापड."

त्याने जॅक लावला, चाक ओढून काढलं.

"बाबा, हा तूच केलेला ना? मग फाटला कसा?"

वरचा थर सालपटासारखा सुटला होता. त्याचा धंदाच तो, झिजलेल्या टायरवर नवा थर चढवून भट्टीत भाजायचा. गिऱ्हाइकाचा टायर पुरे चार तास, त्यात कुणाची भीडभाड नाही. हा मात्र त्याने तीन तासांतच काढला होता. घरचाच तर आहे, चालतंय, असं वर हसत म्हणाला होता. त्या हसण्याची आता त्याला किळस आली.

"यात एक गोष्ट कमी पडली."

"काय?"

"वेळ. टायरला भट्टीत पुरता वेळ द्यावा लागतो."

स्टेपनी बसवून त्याने गाडी काढली.

"आता सगळं पहिल्यापासून सांग."

"चीक... गंधक... काजळी..."

"तारा, कापड. आणि शेवटचं?"

आरशात तिचे डोळे मिटत चालले होते. एका हाताने स्टिअरिंग धरून त्याने दुसऱ्या हाताने तिचा पाय हलवला आणि स्वतःच मोठमोठ्याने सुरुवात केली. चीक, गंधक, काजळी, तारा, कापड. शेवटच्या शब्दापाशी तो थांबायचा, ती म्हणेल म्हणून वाट बघायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.