मूठभर बडीशेप

अंबाडीच्या शाळा समितीच्या अध्यक्षा ठकुबाईंचं नाक इतकं तिखट, की दूरच्या कोन गावात कुणी दारूची बाटली उघडली तर यांना इथं शिंक यायची. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या गुन्ह्यापायी तीन शाळांनी परतवलेला विशाल मास्तरकीच्या मुलाखतीला बसताच त्या नाकाने बडीशेप पकडली. “आजपण वास लपवायला खाल्लीस ना रे?” विशालने घामेजलेली मूठ उघडली. बडीशेप तशीच होती. “खाल्ली न्हाय, मावशी. फाटकाशी तुमच्या बसच्या ड्रायव्हरने दिली. तो भरदुपारी बकाणे भरतोय. पकडला गेलो त्या दिवशी मीपण असेच भरत होतो.” कोनला पोचणारं नाक फाटकापर्यंत पोचलं नव्हतं! बसमध्ये पोरं चढत होती. ठकुबाई धावल्या, ड्रायव्हरचं तोंड हुंगून किल्ली कमरेला खोचूनच परतल्या. “उद्यापासून या, मास्तर. रोज आधी ड्रायव्हर हुंगायचा, मग वर्ग.” “आणि माझं तोंड?” “त्याला मी हाय!”