लोखंडी पेटी

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या एका राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर व्हर्लन टॅकेट नावाच्या पर्यटकाने वनरक्षक लोरेटाचं सकाळीच डोकं उठवलं.

"अहो बाई, इथे अस्वलं फिरतात. भरलेलं पिस्तूल हाताशी हवंच. माझ्याबरोबर लहान पोरं आहेत."

"पिस्तूल कायद्याने चालतं, म्हटलं ना साहेब," ती चौथ्यांदा म्हणाली. "माझं एवढंच म्हणणं आहे, की खाण्याचं काही तंबूत ठेवू नका. अस्वल वासावर येतं. प्रत्येक तंबूपाशी लोखंडी पेटी दिलीय, त्यात ठेवा."

संध्याकाळी ती फेरीवर आली, तेव्हा टॅकेटच्या पेटीला नीट कडी घातलेली होती. तिला जरा बरं वाटलं.

"ऐकलंत म्हणायचं. उघडा बघू, एक नजर टाकते."

आत टॉवेलात गुंडाळलेलं पिस्तूल होतं. बाकी पेटी रिकामी.

"हे इथे?"

"मग काय, भरलेलं पिस्तूल पोरांजवळ ठेवू?" टॅकेट वैतागला. "कमाल करता बाई तुम्ही."

लोरेटाने क्षणभर डोळे मिटून घेतले. "आणि खाणं?"

"सॉसेज होय? ते पोरांच्या उशाशी ठेवलेत. रात्री भूक लागते त्यांना."