सोबत एक पाहुणा

पुढच्या विमानाला बराच अवकाश होता. दोन्ही लाउंजची नीट तुलना करून मी वरच्या मजल्यावरचा शांत लाउंज निवडला. माझ्या क्रेडिट कार्डावर आत जाताना सोबत एक पाहुणा चालत होता, पण आत आमच्या लॅबचे सर बसले होते, आणि बाबांच्या चहाचा भुरका अख्ख्या खोलीला ऐकू जातो.

"बाबा, मला ऑनलाइन मीटिंग आहे. तुम्ही इथेच गेटपाशी बसा."

"जा तू, मी बॅगा सांभाळतो."

सरांसमोर बसून मी कॉफीचा कप उचलला, तोच बाबांचा मेसेज आला.



"मीटिंगमध्ये व्यत्यय नको म्हणून लिहितोय. माझ्याही कार्डावर एक पाहुणा चालतो म्हणे. वरच्या लाउंजच्या दारातच उभा आहे. तू आलीस की दोघं आत जाऊ."