काटा अजून वरच

“आई, त्याला सांग, काटा वर चाललाय, इंजिन तापतंय,” ट्रक चालवता चालवता थोरला म्हणाला.

“अरे, काटा वर चाललाय,” आईने धाकट्याला सांगितलं. धाकटा तिला खेटूनच बसला होता आणि त्याचे दोन्ही कान शाबूत होते.

“त्याला सांग, पंखा बंद पडला असेल. थांबव म्हणावं,” धाकटा म्हणाला.

“थांबव म्हणतोय.”

थोरल्याने ट्रक रस्त्याकडेच्या झाडाखाली घेतला. बॉनेटच्या फटींतून वाफ निघत होती.

ट्रक बापाच्या वेळचा. इंजिन दणकट, पण ते थंड ठेवणारा पंखा भारी लहरी. मनात आलं तर फिरायचा, नाही तर नाही. दोघा भावांचं मिळून सुतारकामाचं दुकान होतं आणि एका कपाटावरून त्यांची बोलाचाली बंद झाली होती. कपाट सुरेख झालं, पण गिऱ्हाइकाच्या दारातून आत जाईना. माप धाकट्याने घेतलेलं, लाकूड थोरल्याने कापलेलं. चूक कुणाची यावरून दुकानात जे आवाज चढले, ते त्यानंतर कायमचेच बंद झाले. आता दोघांत विस्तव जात नव्हता. धाकटा दुसऱ्या गावात वेगळं दुकान टाकणार होता. ट्रकात त्याच्या वाटणीची हत्यारं होती आणि कामाचं मोठं टेबल. ट्रक काही करवतीने अर्धा करता येत नव्हता, म्हणून थोरला पोचवायला निघाला होता. मध्ये आई. ते टेबल एकदा तिकडे उतरलं की घर दुभंगलं ते दुभंगलंच, हे तिला कळत होतं. तिचा जीव तीळ तीळ तुटत होता.

धाकट्याने खाली उतरून बॉनेट उघडलं आणि घाईघाईने रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

“हात काढ, गाढवा! भाजशील!”

थोरला खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आला होता. धाकट्याने हात झटकन मागे घेतला आणि भावाकडे बघतच राहिला. आपण सरळ त्याच्याशीच बोलून बसलो, हे थोरल्याच्या आत्ता लक्षात आलं. कासवाने मान ओढून घ्यावी तसा तो आत गेला.

आई मनातून हरखली. पण ती काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. “निरोप देऊन देऊन घसा सुकला बाई माझा,” ती म्हणाली. “तुमचं तुम्ही बघा.” आणि पाण्याची बाटली घेऊन ती ट्रकच्या मागच्या बाजूला, झाडाच्या मुळावर जाऊन बसली.

आता आली पंचाईत. इंजिन निवलं, पाणी भरून झालं, ट्रक पुन्हा चालू केला. उघड्या बॉनेटमुळे थोरल्याला पुढचं काही दिसेना आणि धाकट्याला काटा दिसेना. इंजिनाच्या धडधडाटात पंख्याचा आवाज कळणं शक्यच नव्हतं. त्यावर बापाने शिकवलेली एक युक्ती होती. पुढच्या जाळीला झाडाचं पान लावायचं. चिकटलं तर पंखा हवा ओढतोय, पडलं तर बंद.

“पान पडलं!” धाकटा ओरडला. कुणाला, ते त्याने सांगितलं नाही. “काटा?”

“वर.”

त्याने पंख्याच्या वायरीचा प्लग काढला, घासला, दाबून बसवला. दुसरं पान लावलं.

“पडलं! काटा?”

“वरच आहे!”

असं बराच वेळ चाललं. मग पान आणि काटा यांच्यामध्ये हळूहळू दुसरंही काही शिरायला लागलं.

“पडलं! ते कपाट कुठे आहे?”

“दुकानातच. तुझी वहिनी गाद्या ठेवते त्यात. काटा वर!”

“कपाट झकास झालं होतं.”

“झकासच. बिजागऱ्या तू बसवलेल्या. अजून कुरकुरत नाहीत.”

धाकट्याने आणखी एक पान खुडलं.

“दादा, मला वाटतं, त्यांचं दारच लहान होतं.”

“मग काय! एवढं घर बांधायचं आणि दार ठेवायचं मांजराला!”

दोघं खदखदून हसले. मुळावर बसलेल्या आईचे डोळे भरून आले.

“पान?”

“पडलं! काटा?”

“वरच!”

ऊन कलायला लागलं, तेव्हा आई उठली. आधी पुढे गेली. जाळीवर पानं चिकटली होती. एक नाही, दोन नाही, निम्मी जाळी हिरवीगार झाली होती. धाकटा आणखी एक पान हातात घेऊन उभा होता. आईला बघताच त्याने ते पाठीमागे लपवलं.

“आधी ती पानं काढ,” आई हळूच म्हणाली. “नाही तर खरंच तापेल.”

मग ती केबिनमध्ये चढली. थोरला काट्यावर तळहात ठेवून बसला होता. तिने तो हात उचलून बाजूला केला, काट्याकडे बघितलं. खिडकीजवळची जागा तिने पटकावली. धाकट्याला मध्ये बसावं लागलं.

“हा ट्रक काही आज तिकडे पोचायचा नाही,” ती म्हणाली. “घरी चला.”

“आणि टेबल?” धाकट्याने विचारलं.

“होतं तिथे ठेवू.”

थोरल्याने ट्रक वळवला. थोडा रस्ता मागे पडला.

“दादा, काटा?”

“वरच आहे अजून,” थोरला म्हणाला.

काटा केव्हाचा खाली उतरला होता आणि तिघंही त्याच्याकडेच बघत होते.